वरचा मजला ऊर्फ हैदराबाद

हडपसर, पुणे
बुधवार, दुपारचे दोन

चिरंजीव बंधू हिंमतराव यास थोरली बहीण बायडाबाई हिचे पोटभर आशीर्वाद. हेमालाही आशीर्वाद, आणि तिला म्हणावं, लोणच्याची बरणी पोचली, चव अगदी तिच्या हातची आहे. (मीठ कमी पडलंय, पण ते तिला सांगू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम तू करत नसणार, हे मला इथं बसून दिसतं. म्हैस व्यायली का, आणि पारडी झाली की रेडा, तेही कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, साखर सोडली तर. (माझी. रक्तातली.) आता तू म्हणशील, आक्कानं फोन करायचा सोडून हे पत्र कुठनं काढलं. तर माझा फोन सध्या भारत सरकारकडे जमा आहे. घाबरू नकोस, पोलीस-बिलीस काही नाही. मी स्वतः सही करून दिलाय. कसा दिला, आणि त्यापायी गेल्या रविवारी आमच्या घरात वकील कसा शिरला, ते सांगायलाच बसलेय. आज तिसरी दुपार, ऋतिकाच्या दुरेघी वहीत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

तुला माहीतच आहे, आमच्या रविराजची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. सार्थक तेराचा, ऋतिका अकराची. लॉकडाऊनमध्ये घरी बसली ती बसलीच. शाळेची बस गाडीतळाच्या चौकात रोज तास-तासभर अडकायची आणि सार्थक रोज त्याच खिडकीतनं ओकायचा, म्हणून आमच्या सूनबाईंनी ठरवलं की आता मीच शिकवते. शेफाली नागपूरकडची, शब्दाला पक्की. नोकरी अर्ध्या दिवसाची करून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर फळा टांगला. पहिल्यांदा मी कपाळाला हात लावला होता. शाळा काय, घरात असते? पण तिनं गणित शिकवलं, विज्ञान शिकवलं, आणि मी आपली लसूण सोलायच्या निमित्तानं टेबलाच्या कडेला बसायला लागले. आधी लसूण सोलत ऐकायचे. मग ऐकत लसूण सोलायचे. मग लसूण राहिला बाजूलाच. (एक दिवस आमटीला फोडणीच पडली नाही, ती याच्यामुळं.) हिंमत, खरं सांगते, तुझी बहीण तिसरीत शाळेबाहेर पडली ती परत आत्ता सदुसष्टाव्या वर्षी वर्गात बसली, आणि तिला ते इतकं गोड लागलं की जिलबीसुद्धा त्यापुढं नको. (जिलबीचं पुढं येतं.)

आणि नेमका तोच वर्ग बंद पडायची वेळ आली. कारण काय, तर इतिहास. गणितात पोरं घोड्यासारखी पळतात, पण आपल्या देशाचा इतिहास म्हटला की सार्थकची मान टेबलावर. शेफालीनं व्हिडिओ दाखवले, रंगीत तक्ते केले, कायदे, करार, समित्या, सगळं पाठ करून घेतलं. पोरगं एकोणीसशे सत्तेचाळीस म्हटलं की असं झोपायचं की स्वातंत्र्य मिळालेलं त्याला माहीतच नाही. रविराजनं मागच्या महिन्यात जेवताना जाहीर केलं, की तीस दिवस देतो, नंतरच्या रविवारी संभाजी मास्तर येऊन दोघांची इतिहासाची परीक्षा घेतील. (हे रविराजचे शाळेतले सर, रिटायर झालेत, पण माणूस बघितला की अजून आपोआप प्रश्न विचारतात.) त्यात पोरं बावचळली तर जूनपासून सरळ शाळेत. शेफाली पाणी प्यायली आणि पोळ्या वाढायला लागली. मी हातातला घास परत ताटात ठेवला. त्यांना शाळेत घालतील, पण मला कोण घालणार?

रात्रभर त्यावरच विचार केला आणि सकाळी शेफालीला म्हटलं, अगं, या पोरांना आपल्या घराच्या वाटण्या कधी कुणी पाठ करायला लावल्या होत्या का? तरी बघ, कुठली विहीर कुणाला गेली, कोण कुणाच्या लग्नात रुसलं, वरच्या आजोबांनी जिन्यावरनं काय म्हटलं, सगळं तोंडपाठ! कारण त्यात प्रत्येकाची बाजू असते. तू देश शिकवतेस त्यात कुणाची बाजूच नाही. नुसत्या तारखा. देशाची पण वाटणी घरासारखी लाव, मग बघ झोपतात का. शेफालीनं खडू खाली ठेवला. म्हणाली, "आई, हे तुम्ही आधी काहून नाही सांगितलं?" आधी मला कुणी विचारलं होतं का?

दुसऱ्या दिवशी तिनं धडा काढला संस्थानांच्या विलीनीकरणाचा, आणि पहिला धक्का मलाच बसला. हिंमत, तुला ठाऊक होतं का, इंग्रज गेले तेव्हा आपला देश एक नव्हताच? साडेपाचशेच्या वर राजे-संस्थानिक होते, कुणाचं संस्थान केवढं तर चार गावांचं, आणि एकेकाला दिल्लीवाल्यांनी सह्या करायला लावून आत घेतलं! मी तर समजत होते, पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला आणि सगळे एकदम सुटले. आणि पुढचं ऐक. आपलं भोर पण संस्थान! आपलं गाव त्यातलं. अठ्ठेचाळीस सालच्या मार्चात विलीन झालं. म्हणजे आपले अण्णा जन्मले ते एका राज्यात आणि हडपसर दुसऱ्या राज्यात. माझं लग्न नंतर झालं म्हणून निभावलं, नाहीतर मी परराज्यात दिलेली मुलगी ठरले असते. अण्णांनी आयुष्यात एकदा तरी सांगायचं! म्हशीच्या सात पिढ्या सांगायचे, पण हे नाही.

मग काय, घराचा नकाशा काढला आणि चिठ्ठ्या टाकल्या. स्वयंपाकघर म्हणजे बडोदा, ते माझ्याकडे आलं. रविराजची ऑफिसच्या कामाची खोली आणि त्याला लागून असलेलं बाथरूम म्हणजे जुनागढ. (त्यानं कॉम्प्युटरवरनं मान वर न करता "मी ऑफिसबरोबर" म्हटलं. पोरं म्हणाली, बाबा, तुम्ही नेमकं नवाबासारखंच केलंत, आता तुमच्याकडे मतदान घ्यावं लागणार.) शेफाली म्हणजे दिल्ली. आणि मग सार्थक जिन्याकडे बघत म्हणाला, वरचा मजला म्हणजे हैदराबाद. कारण विचारलं तर म्हणाला, आजी, हैदराबाद सगळीकडून भारतानं वेढलेलं होतं, समुद्रसुद्धा नव्हता; वरच्या आजोबांना खाली रस्त्यावर यायचं तर आपल्याच बोळातनं यावं लागतं, मग दुसरं कोण हैदराबाद? माझ्या तोंडून एवढंच निघालं, अगं बाई.

वरचे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर हिंदुराव, तू ओळखतोस, तुझ्या लग्नात ज्यांनी फेटा उलटा बांधला होता ते. जुनं घर पाडून ही बिल्डिंग बांधली तेव्हा जिना आमच्या हिश्शात आला, तेवढ्यावरनं त्यांनी बोलणं टाकलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. ते आणि माझी जाऊ सुशीला वर, आम्ही खाली, मध्ये सतरा पायऱ्या. पोरांना मी तिथंच थांबवायला पाहिजे होतं. नाही थांबवलं. उलट मला एवढा आनंद झाला होता, की सार्थक जागा आहे, भांडतोय, नकाशा काढतोय, की मी आगीत अजून तेल ओतलं. ते कसं, ते सांगताना आता मला माझीच लाज वाटते.

पोरांनी सामीलनामा लिहायला घेतला. म्हणजे संस्थानिक जो कागद सही करून द्यायचे तो. ऋतिकाचं अक्षर मोत्यासारखं. तिनं लिहिलं, मी अमुक अमुक माझे संस्थान भारतात सामील करीत आहे. झालं, दोन ओळी. आता तूच सांग, आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात हा कागद म्हणायचा का? मी म्हटलं, पोरी, याला चतुःसीमा कुठाय? चतुःसीमा नसलेला कागद कुणी दारात उभा करत नाही. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस कुणाची भिंत, सगळं घाल. वर 'मौजे हडपसर' पाहिजे. 'खुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता, शुद्धीत' पाहिजे. खाली दोन साक्षीदार पाहिजेत. मी हे सगळं तोंडी सांगितलं आणि ऋतिकानं खरेदीखताला वापरतात त्या लेजर पेपरवर उतरवून घेतलं. सार्थकनं अर्धा बटाटा कापून त्याचा शिक्का केला आणि कुंकवात बुडवून मारला. एक साक्ष सार्थकची, दुसरीला इस्त्रीवाला दारात उभा होता, त्यानंही सही ठोकली. त्याला वाटलं, वर्गणी आहे. कागद असा झाला की मला स्वतःला बघून भीती वाटली. चाळीस वर्षं मी या घरातली खरेदीखतं, हक्कसोडपत्रं ऐकलीयत, एवढा पक्का कागद कधी झाला नव्हता.

मी आधी माझ्या कागदावर सही केली, बडोद्यानं म्हणे लवकर केली होती म्हणून. सही केल्यावर समजलं, की संस्थानिकानं तीन खाती सोडायची: संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण. संरक्षण म्हणजे दाराची कडी आणि कुत्र्यांसाठी ठेवलेली काठी, ती गेली, मला काय. परराष्ट्र म्हणजे शेजारच्या चैतालीच्या सासूशी गॅलरीतनं बोलणं, ते आता दिल्लीमार्फत. (शेफाली त्या दिवशी त्यांच्याशी माझ्या वतीनं अकरा शब्द बोलली. मी मोजले.) आणि दळणवळण म्हणजे फोन! सार्थकनं हात पुढे केला आणि मी दिला. करते काय, सही झाली होती. त्याच्या बदल्यात मी तनखा मागितला. राजांना मिळायचा ना, तसा. ठरलं असं, की रोज दुपारी दोन चमचे साखरेचा एक कप चहा आणि गुरुवारी एक जिलबी. शेफाली नको म्हणत होती, पण पोरांनी पुस्तकात दाखवलं, की संविधानातच तनख्याची हमी दिली होती. लेखी! मी म्हटलं, असा इतिहास आधीच शिकवला असता तर मी पदवीधर झाले असते.

इकडे पोरं हैदराबादचा कागद घेऊन वर गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या सतरा पायऱ्या चढली. मी खालच्या पायरीवर उभी, कान वर. दार उघडल्याचा आवाज आला. मग कागद फडफडल्याचा. मग हिंदुराव भावजींचा आवाज, "ह्ये कुनी लिवलं?" ऋतिका गोड आवाजात म्हणाली, "आजीनं सांगितलं, मी लिहिलं. तुम्ही फक्त सही करायची." दार धाडकन लागलं. कागद आत, पोरं बाहेर. सार्थक खाली आला तो नाचतच, म्हणे, आजी, त्यांनी सही नाही केली, बरोब्बर हैदराबादसारखं! पोरगं खूश. मी मनात तो कागद परत वाचला. वरचा मजला, गच्ची आणि पाण्याची टाकी, चतुःसीमेसकट, खुशीनं, शुद्धीत, शिक्का मारून, दोन साक्षीदारांसकट. आणि सांगणारी कोण, तर मी.

तीन दिवस वरनं हूं नाही की चूं नाही. त्यात शुक्रवारी धडा पुढं सरकला आणि मला दुसरा धक्का बसला. म्हणजे एकोणीसशे एकाहत्तर. सरकारनं सगळ्या राजांचे तनखे बंद केले! बंद! पोरांनी माझ्यासमोर ठराव वाचला आणि चहाचा कप उचलून नेला. हिंमत, मी एवढी चिडले की सांगता सोय नाही. म्हटलं, लिहून दिलं होतं ना? संविधानात होतं ना? तो शब्द कुठं गेला? ऋतिका म्हणाली, "आजी, सगळे नागरिक सारखे, मग जिलबी एकटीलाच का?" मी बडोदा बंद केलं. स्वयंपाकघराला कडी. (संरक्षण खातं त्यांच्याकडे होतं, पण कडी आतनं होती.) संध्याकाळपर्यंत दिल्लीनं पाव-बटर खाल्लं. तेवढ्या वेळात सार्थकनं तीन जाडजूड पुस्तकं उलटीपालटी केली, मला हरवायला. दाराच्या फटीतनं कागदाच्या चिठ्ठ्या सरकवायचा, एक मुद्दा याच्या बाजूचा, एक माझ्या बाजूचा पण, कारण म्हणे तुझी बाजू माहीत नसेल तर मी भांडू कसा. हे तेच पोरगं, बरं का, जे सत्तेचाळीस म्हटलं की घोरायचं! मी आत पोळ्या लाटत होते आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं. रागाचं की कशाचं, ते विचारू नकोस.

मग आला रविवार. दहाला संभाजी मास्तर आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बसायच्या आधीच मला विचारलं, "आजी, वय काय?" मी घाबरून बरोबर सांगितलं. पोरं समोर बसली, रविराज हाताची घडी घालून, शेफाली ओठ चावत. मास्तरांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि जिन्यावर चपला वाजल्या. सव्वादहाला दारात हिंदुराव भावजी! अंगात कोट. कोट, एप्रिलमध्ये! काखेत ती त्यांची जन्माची फाईल, आणि पाठीमागे काळ्या बॅगचा एक वकील. मला म्हणाले, "वैनी, म्हातारपनी पोरांच्या हातनं कागद करून घेताय व्हय?" नऊ वर्षांनी वैनी हा शब्द ऐकला आणि तोही असा.

रविराज उठून उभा राहिला, त्याला यातलं काहीच माहीत नाही. (जुनागढला कुणी काही सांगत नाही.) वकिलांनी कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: "मौजे हडपसर येथील वरचा मजला ऊर्फ हैदराबाद..." आणि थांबले. चष्मा पुसला. परत वाचलं. म्हणाले, "हिंदुराव, हे हैदराबाद काय आहे?" भावजी म्हणाले, "रेकार्ड फिरवायला घातलं आसंल. तुमी फुडं वाचा." वकिलांनी पुढं वाचलं, चतुःसीमेला मान डोलावली, म्हणाले, ड्राफ्टिंग चांगलं आहे, मग शिक्क्यावर बोट फिरवलं, बोट लाल झालं, ते नाकाशी नेलं, आणि मग त्यांनी ज्या नजरेनं आपल्या अशिलाकडे बघितलं ना, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पण भावजी हटायला तयार नाहीत. म्हणाले, "मला काय बी ठाव न्हाई. माजं हाय तसं ऱ्हाऊ द्या. ना तुमी वर यायचं, ना मी खाली." तर आमची ऋतिका टाळ्या पिटत उठली, "सर, जैसे थे करार! हैदराबादनं हाच केला होता!" सार्थक म्हणाला, "एक वर्षाचा असतो, आजोबा, नोव्हेंबर सत्तेचाळीसला झाला. तुम्ही तर नऊ वर्षं चालवलाय." मास्तरांनी कप खाली ठेवला आणि डोळे चमकवत विचारलं, "आणि त्याच्यानंतर काय झालं?" सार्थक छाती काढून म्हणाला, "सप्टेंबर अठ्ठेचाळीस. पोलीस कारवाई!" पोलीस हा शब्द कानावर पडल्याबरोबर भावजी खुर्चीतनं ताडकन उठले, फाईल छातीशी धरली, आणि वकिलांना त्यांचा कोट ओढून त्यांना खाली बसवावं लागलं. वकील हसतायत, मास्तर हसतायत, शेफाली तोंडाला पदर लावायला बघते तर तिला पदरच नाही, ड्रेस घातलेला. आणि मी? मला हसूही येईना नि रडूही.

मग मास्तरांनी एक प्रश्न टाकला. म्हणाले, "राजांनी सह्या केल्या, ठीक. पण रयतेला कुणी विचारलं होतं का?" ऋतिका म्हणाली, जुनागढला मत घेतलं. सार्थक म्हणाला, खूप ठिकाणी प्रजा परिषदा होत्या, लोक आधीपासून लढत होते. मास्तर म्हणाले, अजून? पोरं विचार करायला लागली, आणि हिंमत, माझ्या तोंडून निघून गेलं. मला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. "आम्हाला दोघी जावांना नऊ वर्षांत कुणी विचारलं?" मग जिन्यातनं सुशीलाचा आवाज आला. ती चौथ्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती, सकाळपासून, हातात निवडायची मेथी घेऊन. म्हणाली, "न्हाई इचारलं." बस, एवढंच. भावजींनी मागं वळून तिच्याकडे बघितलं, तसा चेहरा मी त्यांचा त्यांच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. सही काही त्यांनी केली नाही, अजून केलेली नाही, कागद फाईलमध्ये लावून ठेवलाय. पण सोमवारपासून सुशीला दुपारी दोनला खाली येते आणि टेबलाच्या कडेला बसते. आज पण इथंच आहे. विचारतेय, एवढं काय लिहितेस.

मग परीक्षा पुढं चालली, त्यात सार्थक मास्तरांशीच तनख्यावरनं भांडला. मास्तर जाताना रविराजला म्हणाले, एकतीस वर्षं शिकवलं, पण माझ्याशी तनख्यावरनं हमरीतुमरीवर आलेलं पोर आजपर्यंत बघितलं नाही. पास म्हणजे काय, पहिल्या नंबरानं पास. रविराजनं शेफालीकडे बघितलं, म्हणाला, ठीक आहे, चालू दे तुमची घरची शाळा. माझा जीव भांड्यात पडला. मी देवापुढं साखर ठेवायला उठले. (देवापुढं, म्हणजे नंतर मीच खाणार होते.) आणि तेवढ्यात सार्थकनं सगळ्यात मोठा धक्का दिला. म्हणाला, "बाबा, आम्हाला शाळेत जायचंय." मला वाटलं, चेष्टा करतोय. ऋतिका म्हणाली, "हो ना, साडेपाचशे संस्थानं आहेत आणि आपण पाच-सहा माणसं. आजीनं एकटीनं किती वेळा राजा व्हायचं? वर्गात चाळीस मुलं असतात. भांडायला चाळीस!" शेफालीचा चेहरा पांढरा पडला. मग तीच खो खो हसायला लागली, आणि मग दोघांना जवळ घेऊन रडली. ओकारीचं काय, विचारलं, तर सार्थक म्हणाला, मी सायकलनं जाईन. झालं. सोमवारी प्रवेशाचा अर्ज भरून आले. जूनमध्ये दोघं शाळेत.

तेव्हा असं झालं बघ. वर्ग वाचवायला मी एवढा खटाटोप केला, देशाची वाटणी घरात आणली, वकील आणला, तनखा गमावला, आणि पोरांना इतिहास एवढा गोड लागला की ती तो खायला बाहेर निघाली. मला आनंद किती झालाय ते मी सांगू शकत नाही, आणि धसका किती बसलाय तेही. शेफालीनं काल फळा पुसला. कोपऱ्यात खडूनं काढलेलं भोर होतं छोटंसं, तेवढं मी तिला पुसू दिलं नाही. गुडघ्याची काळजी घे. हेमाला परत आशीर्वाद सांग. पाऊस कधी पडेल याची वाट न बघता पत्राचं उत्तर पाठव.

तुझी आक्का,
बायडाबाई
(माजी संस्थानिक, बडोदा)

ता. क. तुझ्याकडे एक छोटं काम आहे. शेफालीनं कॉम्प्युटरवर शोधून काढलं, की मोठ्या माणसांना मुक्त विद्यालयाची पाचवीची परीक्षा देता येते. सुशीला आणि मी दोघी फॉर्म भरणार आहोत. (भावजींना अजून सांगितलेलं नाही. सांगितल्यावर वकील आणतील.) त्याला जुना शाळेचा दाखला असला तर बरं, असं म्हणते. आपल्या गावच्या शाळेत जाऊन माझा तिसरीचा दाखला काढून आण. जुनी रजिस्टरं हेडमास्तरांच्या कपाटात असतात. नाव बायडा, वडिलांच्या नावासकट. जन्मतारीख एक जूनच असणार, गुरुजींनी सगळ्या वर्गाचीच एक जून लावली होती, त्यावर वाद घालत बसू नकोस.

आणखी ता. क. घरात मी चौथी पास सांगितलंय. तेव्हा पाकीट नीट चिकटव आणि माझ्याच नावावर पाठव, शेफालीच्या नाही.

शेवटचं ता. क. सोमवारी उसाला पाणी आहे, मंगळवारी दूध डेअरीची मीटिंग आहे, असलं काही मला सांगू नकोस. त्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात गुरुजींनी काय लिहिलंय ते मला माहीत आहे, अण्णांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं: धाकट्या भावास सांभाळणे. तो वाच, आणि मग सायकल, मोटारसायकल जे असेल त्यानं पोस्टात जा. तू तेव्हा सव्वा वर्षाचा होतास, हिंमत, आणि फार जड होतास.